प्रतिसादांतून घडलेला लेखक : मराठी संकेतस्थळावरील एका नवागताचे प्रकरण

मराठीतून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी मिळून नांदती ठेवलेली संकेतस्थळे आता बरीच जुनी झाली आहेत. मायबोली १९९६ सालापासून आहे. मनोगत २००४ मध्ये, उपक्रम आणि मिसळपाव २००७ मध्ये, तर ऐसी अक्षरे २०११ मध्ये सुरू झाले. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि संपादनाची धोरणेही निराळी, तरी नव्याने दाखल झालेल्या सदस्याचे पहिले वर्ष सगळीकडे साधारण एकाच वळणाने जाते. कोणी पंधरा दिवसांत कंटाळून जातो, कोणी भांडून जातो, पुष्कळजण काही न लिहिता नुसते वाचत राहतात, म्हणजे तिथल्या बोलीत ‘रोमात’ जातात, आणि थोडेच टिकतात. जे टिकतात त्यांचे नेमके काय जुळून येते, हा या टिपणाचा विषय आहे.

खाली मांडलेले प्रकरण कोणा एका माणसाचे चरित्र नाही. नवागतांच्या वाटचालीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका सदस्याच्या रूपात एकत्र आणल्या आहेत आणि म्हणूनच स्थळाचे किंवा सदस्याचे नाव दिलेले नाही. हे सदस्य एसटी महामंडळातून वाहक म्हणून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले, साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत असे समजावे. स्थळावर पुढे त्यांना सगळे ‘कंडक्टरकाका’ म्हणू लागले, तेव्हा इथेही तेच नाव वापरतो.

पहिले दोन महिने

काकांनी खाते उघडले ते कोणाचेतरी प्रवासवर्णन आवडले म्हणून, पण त्या प्रवासवर्णनावर त्यांनी एक ओळही लिहिली नाही. प्रवेश मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकापाठोपाठ तीन धागे काढले, म्हणजे ज्यांखाली इतरांना प्रतिसाद देता येतात अशी तीन लेखने टाकली: पावसावरची एक कविता, ‘वाचा आणि विचार करा!!!’ अशा शीर्षकाखाली एक सुविचार, आणि आईच्या महतीवरचा एक मोठा मजकूर. मजकूर मोबाइलवर बोलून टंकलेला होता. बोलून टंकताना विरामचिन्हे आपोआप पडत नाहीत, परिच्छेद तर पडतच नाहीत, त्यामुळे पडद्यावर जे उमटले ते वरपासून खालपर्यंत एकसंध पसरलेले अक्षरांचे ठोकळे होते. प्रकाशित करण्यापूर्वी ‘पूर्वपरीक्षण’ नावाची सोय असते, ती त्यांनी पाहिली नव्हती.

कवितेला दोन प्रतिसाद आले आणि त्यांतला एक नुसता ‘पुलेशु’, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, असा होता. सुविचाराखाली एका जुन्या सदस्याने ‘जिलब्या पाडणे थांबवा’, म्हणजे एकापाठोपाठ फुटकळ धागे काढणे थांबवा, एवढेच लिहिले. आईवरच्या मजकुराचे प्रकरण मात्र जरा गंभीर झाले. तो मजकूर मुळात व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला होता, आणि कोणीतरी तासाभरात तोच लेख दुसऱ्या ठिकाणी आधी प्रसिद्ध झाल्याचा दुवा दिला. संपादक मंडळाने धागा अप्रकाशित केला. काकांच्या मते त्यांनी काहीच वावगे केले नव्हते. चांगले वाचले, ते दहा जणांपर्यंत पोचवले. व्हॉट्सॲपच्या गटात हे वागणे सौजन्याचे समजले जाते. लेखकाच्या नावाला जपणाऱ्या समुदायात तेच चोरी ठरते, आणि तिथे नव्या माणसाला ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. धोरणांच्या पानावर ती लिहिलेली असते हे खरे, पण धोरणांचे पान वाचून खाते उघडणारा सदस्य क्वचितच भेटतो.

नंतरच्या महिन्यात काकांना यश मिळाले, निदान त्यांना तसे वाटले. एका राजकीय घडामोडीवर त्यांनी चार वाक्यांचा धागा काढला आणि शेवटी विचारले, ‘तुम्हाला काय वाटते?’ दोन दिवसांत शंभराच्या वर प्रतिसाद पडले. धागा सतत पहिल्या पानावर होता. तिसऱ्या दिवशी दोन सदस्यांचे भांडण एकमेकांच्या खानदानापर्यंत गेल्यावर संपादकांनी तो वाचनमात्र केला. काका मात्र खुश होते, कारण शंभर प्रतिसाद मिळवणारा धागालेखक म्हणून आपले नाव झाले अशी त्यांची समजूत झाली होती. त्यानंतर आठवड्याने त्यांनी गावच्या यात्रेवर लिहिले, तेव्हा त्या शंभरांतले कोणीही तिकडे फिरकले नाही.

आकड्यांची फसगत

इथे थोडे थांबून या स्थळांची रचना पाहणे आवश्यक आहे, कारण नवागताची पुष्कळशी गैरसमजूत त्या रचनेतूनच जन्म घेते. यांतली बहुतेक स्थळे द्रुपल या संकेतस्थळे चालवण्याच्या संगणकप्रणालीवर बांधलेली आहेत. मुख्य यादीत प्रत्येक धाग्यापुढे वाचने आणि प्रतिसाद यांचे आकडे दिसतात, आणि नवा प्रतिसाद पडला की धागा यादीत पुन्हा वर येतो. लेख किती चांगला आहे याचा त्या वर येण्याशी संबंध नसतो. दोन माणसे हट्टाला पेटली की चार ओळींचा धागा आठवडाभर वर राहतो, आणि महिनाभर खपून लिहिलेला लेख, वाचणाऱ्यांना त्यात भर घालण्यासारखे काही सुचले नाही म्हणून, संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पानावर जातो. असे लेख लोक वाचतात, वाचनखूण साठवतात आणि निघून जातात. त्याची नोंद लेखकाला दिसते ती फक्त वाचनांच्या आकड्यात, आणि त्या आकड्याकडे नवा सदस्य पाहत नाही, कारण त्याचा जीव प्रतिसादांत अडकलेला असतो.

फेसबुकवरून आलेल्या माणसाला हे आणखी अवघड जाते. तिथे आवडल्याची खूण एका बोटाने करता येते, आणि ती करणाऱ्याला काही लिहावे लागत नाही. या स्थळांवर दाद द्यायची तर वाक्य टंकावे लागते. म्हणून इथले दहा प्रतिसाद हे तिथल्या दहा अंगठ्यांपेक्षा फार जड असतात, आणि शून्य प्रतिसाद हा तिरस्कार नसून बहुतेक वेळा नुसता आळस असतो. काकांच्या राजकीय धाग्यावर जे शंभर प्रतिसाद आले, त्यांतले जेमतेम पाच-सहा त्यांना उद्देशून होते. बाकीचे सगळे जुन्या सदस्यांचे एकमेकांशी चाललेले, कित्येक वर्षांचे, विषय बदलत राहणारे एकच भांडण होते. काकांनी त्याला फक्त नवी जागा उपलब्ध करून दिली होती.

खाजगी निरोप

यात्रेच्या लेखाला कोणी विचारले नाही म्हणून काकांनी ‘इथे कंपूबाजी चालते, नव्या माणसाला कोणी किंमत देत नाही’ असा धागा काढला. असे धागे प्रत्येक स्थळावर दरवर्षी निघतात आणि त्यांवर ठरलेली उत्तरे येतात: काही सहानुभूतीची, काही चेष्टेची, एखादे ‘इनो घ्या’, म्हणजे जळजळ आवरा, असे. या वेळी मात्र एका जुन्या सदस्येने, जिचे भटकंतीचे लेख स्थळावर आवडीने वाचले जात, जाहीर काही न लिहिता त्यांना व्यक्तिगत निरोप पाठवला. त्याचा आशय असा होता:

“काका, कंपू आहेत हे खरे आहे, नाकारत नाही. पण तुम्ही येऊन दोन महिने झाले आणि या काळात तुम्ही दुसऱ्या कोणाच्या लेखावर एकदाही लिहिलेले मला दिसले नाही. तुमच्या ओळखीच्या पानावर एसटीतून निवृत्त असे आहे. इथे एसटीचे वेड असलेली डझनभर मंडळी आहेत, आणि त्यांतला एकही एसटीत नोकरीला नव्हता. महिनाभर स्वतःचा धागा काढू नका. त्यांच्या धाग्यांवर लिहा. मग बघा.”

काकांनी आठवडाभर उत्तर दिले नाही. नंतर ‘ताई, बघतो’ एवढेच लिहिले. माणूस वयाने मोठा, नोकरीत हजारो माणसांना वळण लावलेला. त्याला हे रुचणे कठीणच होते. पण त्यांनी सल्ला ऐकला, आणि या प्रकरणातला सगळा फरक त्या ऐकण्याने पडला. गावातल्या भजनी मंडळात नवा माणूस आला की तो पहिल्याच दिवशी पेटी पुढ्यात ओढत नाही, मागे बसून टाळ धरतो. मंडळाला त्याचा ताल कळतो आणि त्याला मंडळाची चाल कळते. हे ज्याला गावात शिकवावे लागत नाही, तोच माणूस पडद्यासमोर बसल्यावर पेटीवर झेपावतो, याचे एकच कारण असावे: तिथे बसलेली माणसे त्याला दिसत नाहीत.

एक प्रतिसाद

संधी तीन आठवड्यांनी आली. कोणीतरी लहानपणच्या एसटी प्रवासावर लेख लिहिला होता, आणि त्यात सहज म्हटले होते की कंडक्टर दर थोड्या वेळाने सगळे सोडून एका लांबट कागदावर काय लिहीत असे ते कधी कळले नाही. खालच्या प्रतिसादांत दोघातिघांनी अंदाज बांधले. हिशेब लिहीत असावा, प्रवासी मोजत असावा, असे. त्यावर काकांनी लिहिले:

“तो कागद म्हणजे वेबिल. तिकिटाची यंत्रे येण्याआधी पेटीत वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या असायच्या आणि भाडे जुळवायला दोन-तीन तिकिटे एकत्र फाडून द्यावी लागत. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. टप्पा बदलला की प्रत्येक गड्डीच्या वरच्या तिकिटाचा नंबर वेबिलवर टाकायचा. त्यावरून कुठल्या टप्प्यात किती तिकिटे गेली ते निघते. वाटेत तपासणी पथक चढले आणि वेबिल मागे राहिलेले सापडले, तर पैसे चोख असूनही जबाब आपल्यालाच द्यावा लागतो. म्हणून गाडीत पाय ठेवायला जागा नसली, कोणी सुट्ट्यासाठी ओरडत असले, तरी हात आधी वेबिलकडे जायचा. खड्ड्यात गाडी आदळली की आकडा हलायचा. माझा सात आणि एक अजून सारखाच येतो.”

हा प्रतिसाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात एकही विशेषण नाही असे म्हटले तरी चालेल. ‘आमच्या वेळी’ असा सूर नाही, उपदेश नाही, कोणाचा अंदाज चुकला याचा उल्लेखही नाही. समोर एक प्रश्न होता आणि ज्याला उत्तर ठाऊक होते त्याने ते दिले. शेवटचे वाक्य तर विनोद म्हणूनही लिहिलेले नसावे. त्याखाली दोन तासांत एकामागून एक प्रश्न आले. घंटीची दोरी दोनदा ओढली की गाडी निघते आणि एकदा ओढली की थांबते, हे सगळ्यांना माहीत होते. पण गर्दीत दोरीपर्यंत हात पोचला नाही तर काय करायचे? रात्री मुक्कामी गाडी खेड्यात थांबली की चालक-वाहक झोपत कुठे? जेवत कुठे? काकांनी प्रत्येकाला वेगळे उत्तर दिले, आणि ज्याचा प्रश्न त्याच्या प्रतिसादाखालीच दिले. शेवटी मूळ लेखकानेच लिहिले, ‘काका, माझ्या लेखापेक्षा तुमचे प्रतिसाद भारी झालेत. यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.’

स्वतःच्या धाग्यावर दुसऱ्याने भाव खाल्ला तरी असे लिहिणारा लेखक भेटणे हा काकांच्या नशिबाचा भाग. सगळीकडे तसे होत नाही. ‘अवांतर फार झाले’ असे सुनावणारे धागालेखकही असतात, आणि त्यांचेही काही चुकत नाही. म्हणून दुसऱ्याच्या धाग्यावर किती लिहावे याचे तारतम्य लागते: विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दोन परिच्छेद लिहिणे शोभते, न विचारता आत्मचरित्र उलगडणे शोभत नाही.

लेख आणि त्याचे दुसरे आयुष्य

मुक्कामी गाडीवरचा पहिला लेख काकांनी लगेच टाकला नाही. मसुदा आधी त्या ताईंना पाठवला. त्यांनी भाषेला हात लावला नाही. परिच्छेद पाडले, शीर्षकातली उद्गारचिन्हे काढली, आणि सुरुवातीचे, एसटी ही महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे वगैरे सांगणारे दोन परिच्छेद गाळा असे सुचवले. त्यामुळे लेख थेट संध्याकाळी शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहते तिथून सुरू झाला: दिवसभराची रोकड पिशवीत बांधून उशाशी घेतलेली, पहाटेच्या फेरीला दूध आणि भाजी घेऊन येणारी माणसे आधीच दाराशी उभी. ‘ड्युटी’, ‘वेबिल’, ‘डबल बेल’, ‘लाइन चेकिंग’ हे सगळे शब्द जसेच्या तसे राहिले. एका शुद्धलेखनप्रेमी सदस्याने यावर नंतर नापसंती कळवली. डेपोत कोणी ‘देयकपत्र’ म्हणत नाही, हे त्याला बाकीच्यांनीच परस्पर सांगितले.

त्या लेखाला वीस-बावीस प्रतिसाद आले. राजकीय धाग्याच्या मानाने हा आकडा किरकोळ होता. पण यातला जवळपास प्रत्येक प्रतिसाद काकांना उद्देशून होता, आणि काकांनी तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना उत्तरे दिली. पुढच्या महिन्यात एका नव्या वाचकाने आपल्या गावच्या मुक्कामी गाडीबद्दल विचारले आणि लेख पुन्हा पहिल्या पानावर आला. नंतरही वर्षातून दोन-तीनदा असेच होत राहिले. जी रचना सुरुवातीला काकांच्या विरुद्ध जात होती, तीच आता त्यांच्या बाजूने काम करू लागली, कारण त्यांच्या लेखात कोणालाही, कधीही विचारण्यासारखे काहीतरी उरलेले असे. भांडणाचा धागा भांडण संपले की मरतो आणि वाचनमात्र झाल्यावर तर कायमचाच मरतो. माहितीचा धागा शोधयंत्रातून सापडतो, त्याचा दुवा दुसऱ्या चर्चेत दिला जातो, दहा वर्षांनीही कोणी त्याखाली ‘आजच वाचले’ असे लिहितो. फेसबुकवरच्या नोंदीला हे भाग्य फारसे लाभत नाही, आणि समुदायाच्या स्थळावर लिहिण्याचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

त्या लेखाची पुढे एसटीवरची लेखमाला झाली. तिच्या तिसऱ्या भागात एक प्रसंग घडला, तो नोंदवण्याजोगा आहे. एशियाड गाड्यांबद्दल लिहिताना काकांनी त्या १९८० साली आल्याचे म्हटले. एकाने लगेच दाखवून दिले की ज्या आशियाई खेळांवरून त्या गाड्यांना नाव पडले ते दिल्लीला १९८२ मध्ये झाले, तेव्हा गाड्या त्याआधी त्या नावाने येणे शक्य नाही. स्वर थोडा खवचट होता. काकांनी प्रतिसादात लिहिले की साल स्मरणातून दिले होते, दुरुस्ती बरोबर आहे, आणि संपादकांना विनंती करून मूळ लेखात १९८२ करून घेतले. ज्याने चूक काढली तो पुढच्या प्रत्येक भागावर हजर राहू लागला आणि कालांतराने जुन्या गाड्यांची छायाचित्रे त्यानेच मिळवून दिली. चूक दाखवणारा वाचक हा बहुधा सर्वांत मन लावून वाचणारा वाचक असतो. त्याला दुखावून पाठवणारे नवे लेखक आपला पहिला पक्का वाचक गमावतात, आणि असे लेखक फार आहेत.

कशामुळे जमले, आणि कशामुळे जमले नसते

नवागताला सहसा जे सल्ले दिले जातात त्यांतले निम्मे या प्रकरणात खोटे ठरतात. ‘रोज काहीतरी लिहा’ हा सल्ला यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी उपयोगी असेलही, कारण तिथे यंत्राला सतत नवा माल हवा असतो. सामुदायिक स्थळाच्या पहिल्या पानावर जागा मोजकीच असते. एका दिवशी तिघांचे लेख खाली ढकलून आपले तीन धागे वर आणणारा सदस्य वाचकांच्या आधी लेखकांच्या डोळ्यांत खुपतो, आणि त्या समुदायातले वाचक व लेखक ही तीच माणसे असतात. काकांचा जम बसल्यानंतरही ते महिन्या-दीड महिन्याने एक लेख टाकत.

‘जुन्या सदस्यांना धरून राहा’ हा दुसरा सल्ला. याची अतिशयोक्त आवृत्ती म्हणजे तू माझ्या धाग्यावर ये, मी तुझ्या धाग्यावर येतो, असा उघड व्यवहार. अहो रूपम् अहो ध्वनी हा प्रकार वाचकांना दोन आठवड्यांत ओळखू येतो आणि मग त्या दोघांचीही विश्वासार्हता जाते. काकांनी प्रतिसाद दिले ते ज्या विषयात त्यांना काही सांगता येत होते तिथेच. गझलेच्या वृत्तावर किंवा शेअर बाजारावर त्यांनी कधी मत दिले नाही. परिणाम असा झाला की त्यांचा आयडी प्रतिसादांत दिसला की लोक थांबून वाचू लागले. कट्ट्यांना, म्हणजे सदस्यांच्या प्रत्यक्ष भेटींना, ते बऱ्याच नंतर एकदा गेले. तिथे ओळखी झाल्या, चहा झाला, पण लेखांच्या वाचकसंख्येत त्याने काही फरक पडल्याचे दिसले नाही.

‘वेगळे काहीतरी लिहा’ हा सल्ला मात्र खरा आहे, फक्त तो ऐकून काय करायचे हे नव्या माणसाला उमगत नाही. काकांनाही उमगले नव्हते. पाऊस, आई आणि राजकारण हे तीन विषय त्यांना लेखनाचे वाटत होते आणि वेबिल ही रोजची कटकट वाटत होती. स्वतःच्या कामातले काय दुसऱ्याला नवे आहे, हे ज्याचे त्याला सहसा दिसत नाही. ते दुसऱ्याच्या प्रश्नातून कळते. दुसऱ्यांच्या धाग्यांवर वावरण्याचा उपयोग तिथे होतो. शिष्टाचार म्हणून तर ते करावेच, पण आपला विषय सापडण्याची याहून सोपी रीत माझ्या पाहण्यात नाही. परिचारिका, तलाठी, छापखान्यातला जुळारी, साखर कारखान्यातला केमिस्ट, दुबईत गवंडीकाम केलेला माणूस: अशा प्रत्येकाकडे इतर सदस्यांना ठाऊक नसलेले काहीतरी असते, आणि यांतले बरेचजण येऊन कविता टाकतात व निराश होऊन जातात.

समुदायाच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. काकांना जमले याचे श्रेय निम्मे तरी त्या एका व्यक्तिगत निरोपाला आहे. तो आला नसता तर ‘जिलब्या’ आणि ‘इनो’ यांवर प्रकरण संपले असते आणि एसटीवरची लेखमाला लिहिली गेली नसती. चेष्टा करणाऱ्यांना आपण दर्जा राखतो असे वाटते, आणि काही प्रमाणात ते खरेही आहे. चेष्टेला भिऊन अनेक ढकलपत्रे, म्हणजे इकडून तिकडे पुढे ढकललेले मजकूर, स्थळावर येत नाहीत. पण जिलबी टाकणारा आणि मुक्कामी गाडीवर लिहिणारा माणूस एकच असू शकतो, आणि पहिल्या महिन्यात त्या दोघांत फरक करता येत नाही. ज्या स्थळांवर जुन्या सदस्यांनी नव्यांचे ओळखीचे पान उघडून पाहण्याची सवय ठेवली, तिथे नवे लेखक टिकलेले दिसतात. धोरणांत दुरुस्त्या करून हे साधलेले मी पाहिलेले नाही.

संपावरचा धागा

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही त्यातली मुख्य मागणी होती, आणि संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. स्थळावर त्यावर धागे निघाले आणि अर्थातच तापले. काही सदस्यांनी काकांना हाक मारली: तुम्ही आतले, तुम्ही सांगा. पुन्हा राजकीय विषय, पुन्हा तेच भांडखोर आयडी, आणि या वेळी काकांचे स्वतःचे जुने सहकारी संपात.

काकांनी चार दिवस घेतले. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात त्यांनी स्पष्ट केले की आपण संपाच्या आधीच निवृत्त झालो आहोत, त्यामुळे संघटनांच्या वाटाघाटींबद्दल आपल्याला इतरांइतकेच, वर्तमानपत्रातले, ठाऊक आहे. ड्युटीचे तास, मुक्कामाच्या रात्री, रजा मिळण्याची पद्धत आणि पगारपत्रकातल्या कपाती याबद्दल मात्र स्वानुभवाने लिहीत आहोत. विलीनीकरण व्हावे की नाही यावर त्यांनी मत दिले, पण ते शेवटी, दोन वाक्यांत, आणि ते मत आहे असे सांगून. बाकी लेख एका वाहकाच्या आठवड्याचा होता.

खाली प्रवाशांचे हाल करणाऱ्यांची वकिली केल्याचा एक तिखट प्रतिसाद आला आणि त्यामागून महामंडळाच्या तोट्यावरून दोघांची जुंपायला सुरुवात झाली. काकांनी तिखट प्रतिसादाला एकदाच उत्तर दिले: परीक्षेच्या दिवसांत गाड्या बंद असल्याने पोरांचे नुकसान झाले हे मान्य आहे. जुंपलेल्या दोघांना त्यांनी काहीच म्हटले नाही. त्याऐवजी त्यांच्या मधोमध एका तिसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला, मुक्कामी ड्युटीचा भत्ता कसा ठरतो याला, सविस्तर उत्तर लिहिले. त्यावर आणखी प्रश्न आले, आणि धागा हळूहळू तिकडे सरकला. संपादकांना एक प्रतिसाद काढावा लागला, पण त्या आठवड्यात संपावरचे इतर दोन धागे वाचनमात्र झाले असताना हा उघडा राहिला. संपाची बाजू घेणारे आणि संपावर चिडलेले, दोन्हीकडचे सदस्य त्यात शेवटपर्यंत काकांना पगाराचे आणि तासांचे हिशेब विचारत होते.